राजारामला ४३ फूट होण्याआधी: पूरगावाने आपत्ती कायदा कसा वापरावा

नरसोबावाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की आमच्या शिरोळ तालुक्यात भाविक स्नानाला निघतात, आणि त्याच दिवसापासून नदीकाठची माणसं एकमेकांना विचारू लागतात, "राजारामला किती?" कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली हा आकडा ५५ फुटांच्या वर गेला होता. दोन्ही वेळा मी गावातच होतो. पहिल्या वेळी आम्ही सरकारची वाट बघत बसलो. दुसऱ्या वेळी सरकारकडे नेमकं काय मागायचं, हे थोडंफार कळलं होतं. त्या थोड्याफार कळण्याने खूप फरक पडला.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा कायदा बहुतेकांना पंचनाम्याच्या वेळी आठवतो. पण त्यातली गावाच्या खरोखर उपयोगाची कलमं पाऊस सुरू होण्याआधी वापरायची आहेत. म्हणून हा लेख एप्रिलपासून सुरू होतो. पूर आमचा रोजचा विषय, त्यामुळे उदाहरणं पुराची आहेत. दरड, वीज, वादळ यांनाही बहुतेक पायऱ्या याच लागू होतात.

आधी दार ओळखा

राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान आणि राज्य प्राधिकरणाचे मुख्यमंत्री, हे सगळ्यांना माहीत असतं. गावासाठी महत्त्वाचं आहे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. कलम २५ नुसार जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे आरोग्य प्रमुख हेही त्यात बसतात. लोकांनी निवडून दिलेला माणूस या टेबलावर आहे, हे लक्षात ठेवा. गावाची मागणी जिल्हाधिकाऱ्यांना पाठवताना त्याची प्रत सहअध्यक्षांनाही द्या.

महापालिकेच्या शहरात राहत असाल, तर २०२५ च्या दुरुस्तीने शहरासाठी वेगळं नागरी प्राधिकरण नेमण्याची तरतूद केली आहे. त्याचे अध्यक्ष आयुक्त असतील. तुमच्या शहरात ते नेमलं गेलं आहे का, हे पहिलं विचारा.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. 'एसडीआरएफ' म्हणजे राज्याचं प्रतिसाद दलही, ज्याच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत, आणि राज्याचा प्रतिसाद निधीही, ज्यातून नुकसानीचे पैसे मिळतात. अर्जात ही आद्याक्षरं लिहू नका, पूर्ण नाव लिहा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याकडची बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे. तिथून तुमच्या गावाला पोचेपर्यंत पहिले काही तास गावालाच काढायचे असतात. पुढची सगळी तयारी त्या तासांसाठी आहे.

एप्रिल: आराखड्यातलं आपलं पान शोधा

कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असायलाच हवा, आणि तो दरवर्षी अद्ययावत करणं बंधनकारक आहे. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तो बहुधा मिळतो. नसेल तर माहिती अधिकारात मागा. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. अर्जात "आपत्तीबाबत सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. मी असं मागतो: चालू वर्षाचा जिल्हा आराखडा आणि तालुका आराखड्यातली अमुक गावाची पानं, गावासाठी नेमलेल्या निवारा केंद्रांची यादी, तालुक्यातल्या बोटी, लाइफ जॅकेट आणि त्यांची शेवटची तपासणी, गेल्या वर्षभरात झालेल्या रंगीत तालमींच्या तारखा. चार ओळी, चार कागद.

पान हातात आलं की गावातली दोन जाणती माणसं आणि शाळेतली दोन मुलं घेऊन बसा आणि प्रत्येक ओळ तपासा. प्रत्येक फोन लावून बघा. मी पाहिलेल्या एका आराखड्यात संपर्कासाठी दिलेला माणूस निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि निवारा म्हणून लिहिलेल्या शाळेच्या पायऱ्या २०१९ ला पाण्याखाली होत्या. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. जुना तक्ता पुढच्या वर्षी तसाच उतरवला गेला होता. पण रात्री दोन वाजता त्याच तक्त्यावर विसंबून ट्रॅक्टर निघतो. चुका सापडल्या की तहसीलदारांना लेखी कळवा, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला, आणि दोन्हीकडून पोहोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिल्यासारखा धरू नका.

मे: ग्रामसभेचा ठराव

कलम ४१ ने ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांवर थेट जबाबदारी टाकली आहे. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, साधनं वापरायच्या स्थितीत ठेवणं, आपल्या हद्दीतली बांधकामं ठरलेल्या मानकांप्रमाणे होतात की नाही हे बघणं, आणि बाधित भागात मदतकार्य करणं. ग्रामसभेत कोणी म्हणेल की हे तहसीलचं काम आहे, तेव्हा हे कलम वाचून दाखवा.

ठरावात गाव आपत्ती समितीची नावं असू द्या: सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), ग्राम महसूल अधिकारी म्हणजे तलाठी, पोलीस पाटील, आशा ताई, अंगणवाडी सेविका, पट्टीचे पोहणारे, ट्रॅक्टरवाले, आणि बचत गटातल्या किमान दोघी. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचा कागद, उचलून न्यावं लागणाऱ्या माणसांची यादी. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले, आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाया, एकटे राहणारे म्हातारे. आशा ताईंच्या वहीत यातलं बरंचसं आधीच असतं. वीटभट्टीवर आणि गुऱ्हाळावर बाहेरगावहून आलेली कुटुंबं हमखास सुटतात, कारण त्यांची नावं गावच्या रेशनकार्डावर नसतात. कलम ६१ मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करायला मनाई करतं. यादी करताना वस्तीवस्तीत जाऊन करा, चावडीत बसून करू नका.

आणि जनावरं. २०१९ ला आमच्याकडे लोक घर सोडायला तयार नव्हते, त्याचं पहिलं कारण गोठा होता. दावणीला दोन म्हशी बांधलेल्या असताना बाई बोटीत बसणार नाही, तिला कितीही समजावा. जनावरं माणसांच्या आधी, पाणी गुडघ्याला यायच्या आत, चालत न्यावी लागतात. ती कुठे न्यायची, तिथे वैरण कोण पुरवणार, साखर कारखान्याचं किंवा बाजार समितीचं आवार मिळेल का, हे मे महिन्यात ठरवून ठरावात लिहा. माणसांच्या स्थलांतराचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

निवारा केंद्राबद्दल लोक फार थोडं मागतात. कलम ३० नुसार अशा इमारती आधीच ठरवून तिथे पाणी आणि स्वच्छतेची सोय करणं हे जिल्हा प्राधिकरणाचं काम आहे. कलम १२ खाली राष्ट्रीय प्राधिकरणाने किमान मानकं घातली आहेत: माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, माणशी रोज तीन लिटर पिण्याचं पाणी, तीस माणसांमागे एक शौचालय. तुमच्या शाळेच्या खोल्या टेपने मोजा. वीस बाय पंचवीस फुटांची खोली म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, म्हणजे तेरा माणसं. आपण तिथे चाळीस माणसं कोंबतो. हिशेब ठरावाला जोडा आणि दुसरी इमारत मागा.

बोटीचं सांगायला जड जातं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला, माणसं बाहेर काढत असतानाच बोट उलटली आणि गावकऱ्यांचे जीव गेले. बोटीत माणसं जास्त होती. म्हणून बोट मागताना किती माणसांची ते, तितकीच लाइफ जॅकेट आणि चालवणाऱ्याचं प्रशिक्षण हे तिन्ही एकाच ओळीत मागा. बोटीच्या बाजूवर मोठ्या अक्षरात माणसांचा आकडा रंगवून घ्या. ऐनवेळी "निविदा काढावी लागेल" असं उत्तर आलं, तर कलम ५० दाखवा. आपत्तीच्या किंवा येऊ घातलेल्या आपत्तीच्या वेळी प्राधिकरणाला निविदेशिवाय तातडीची खरेदी करवता येते.

इशारा आपल्या भाषेत आणा

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. विजेसाठी 'दामिनी', एकूण इशाऱ्यांसाठी 'सचेत' ही दोन अ‍ॅप फोनमध्ये असू द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०.

पण मिलिमीटरवरून आजीला काही कळत नाही. त्यासाठी आम्ही एक साधा तक्ता केला. बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की गावात पाणी कुठे येतं, हे जुन्या माणसांना विचारून, गेल्या दोन पुरांचे फोटो आणि त्यांच्यावरच्या वेळा बघून लिहून काढलं. या आकड्याला मळ्याचा रस्ता बंद, या आकड्याला ओढ्यावरचा पूल पाण्याखाली, या आकड्याला चावडीची पहिली पायरी. हा तक्ता देवळाच्या भिंतीवर रंगवला आहे. आता आकडा ऐकला की कोणी विचारत बसत नाही. ओढ्यावरचा पूल जायच्या एक फूट आधी मळ्यातली जनावरं निघालेली असतात. प्रत्येक गावाचे आकडे वेगळे, त्यामुळे आमचे इथे देत नाही. तुमचे तुम्ही काढा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "धरण फुटलं" छाप निरोपांना मात्र कडक राहा. खोटा इशारा पसरवून घबराट करणं हा कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ग्रुपवर फक्त नियंत्रण कक्षाचा आकडा टाकायचा, आणि तो टाकणारा माणूस एकच.

घर सोडायची वेळ

कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरण लोकांना हलवू शकतं, रस्ते बंद करू शकतं, साधनसामग्री वापरायला घेऊ शकतं. खासगी वाहन किंवा जागा ताब्यात घेतली तर कलम ६६ प्रमाणे मोबदला द्यावा लागतो, म्हणून ट्रॅक्टरवाल्यांनी लेखी आदेशाची प्रत मागावी. कारण नसताना कायदेशीर निर्देश नाकारणं हा कलम ५१ चा गुन्हा आहे. तरी शेजाऱ्याला कलमाची भीती घालू नका. त्याची म्हैस कुठे बांधली जाणार ते सांगा.

निघताना प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, बँक पासबुक, सातबारा, रेशनकार्ड, औषधांची चिठ्ठी घ्या. आणि दार लावण्याआधी मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढा: चारही भिंती, भांडी, पेटी, फ्रिज, गोठ्यातली जनावरं आणि त्यांच्या कानातले बिल्ले. दोन मिनिटांचं काम आहे. पंचनाम्यात याच दोन मिनिटांचा आधार होतो.

पंचनामा

पाणी उतरलं की चिखल काढायची घाई होते. आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी धरलेली टेप, आणि घरातलं माणूस, हे सगळं एका फोटोत यायला हवं. शेताचा पंचनामा तलाठी, कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामसेवक मिळून करतात. ते आले की बरोबर चाला. घरी चहा ठेवून बांधावर वाट बघत बसू नका.

दराची कल्पना असलेली बरी. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले निकष असे: मृत्यूसाठी वारसाला ४ लाख रुपये, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. दुभती गाय-म्हैस ३७,५०० (तीनपर्यंत), बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं, मग जिरायतला हेक्टरी ८,५००, बागायतला १७,०००, बहुवार्षिकला २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे ४० आर बुडालेल्या उसाला ६,८०० रुपये. खर्चाच्या मानाने हे फार अपुरं आहे, यात शंका नाही. राज्य सरकार एखाद्या आपत्तीसाठी वेगळा शासन निर्णय काढून वाढ करतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मर्यादा तीन हेक्टर केली होती. त्यामुळे तुमच्या पुराला कोणता शासन निर्णय लागू आहे, त्याची तारीख तहसीलमधून लिहून घ्या.

इथे आमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१९ ला पाणी उतरल्यावर त्यांचं घर उभं होतं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पंचनाम्यात 'अंशतः पडझड' लिहिलं गेलं आणि काकूंनी सही केली. चार दिवसांनी ऊन पडलं. आठ दिवस भिजलेल्या भिंती सुकायला लागल्या, आणि दुपारी मागची भिंत आढ्यासकट बसली. काकू अंगणात होत्या म्हणून वाचल्या. कागदावर मात्र घर अंशतःच पडलेलं राहिलं, आणि अंशतः व पूर्ण यांच्यात लाखाचा फरक आहे. मातीच्या घराची पडझड पाणी उतरल्यानंतर, सुकताना होते. म्हणून घर मातीचं असेल तर पंचनाम्यात "भिंती पूर्ण भिजलेल्या, राहण्यास धोकादायक" असा शेरा लिहायला सांगा, तो नसेल तर सही करताना स्वतः लिहा. नंतर भिंत पडली तर त्याच दिवशी फोटोसह पुरवणी पंचनाम्याचा अर्ज द्या. काकूंना तसा अर्ज करता येतो हे कोणी सांगितलं नाही. आम्हालाही माहीत नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेतीच्या अर्जात नुकसानीचं कारण नीट लिहा. अतिवृष्टी धरायला तुमच्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला जावा लागतो, आणि मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या शिवारापासून लांब असू शकतं. पाऊस घाटात पडला आणि नदीचं पाणी तुमच्या शेतात शिरलं असेल, तर 'अतिवृष्टी' लिहू नका, 'नदीचं पाणी शिरून पीक बुडालं' असं लिहा. अवेळी पाऊस, वीज कोसळणं, समुद्राचं उधाण या गोष्टी २०२२ ते २०२६ च्या निकषांतल्या केंद्राच्या यादीत नव्हत्या, पण महाराष्ट्राने त्या राज्याच्या आपत्ती म्हणून मान्य केल्या आहेत. वीज पडून कोणी गेलं तर शवविच्छेदन टाळू नका. तो अहवाल नसेल तर वारसाचा अर्ज अडतो.

सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र, खातं, आधारवरचं नाव वाचा आणि पंचनाम्याचा फोटो काढा. यादी लागली की नावापुढे विशिष्ट क्रमांक येतो. तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावं लागणार आहे का, हे तहसीलमध्ये विचारा. ते लागत असेल तर त्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. सामाईक खातं असेल तर भावाभावांत संमतिपत्र आधीच करून ठेवा. पीक विमा हा वेगळा विषय आहे. खरीप २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. विमा मिळाला नाही म्हणून सरकारी मदत अडत नाही, आणि मदत मिळाली म्हणून विमा अडत नाही. खोटा दावा मात्र करू नका. कलम ५२ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि एका खोट्या नावामुळे सगळ्या गावाची यादी पुन्हा तपासणीला जाते.

नाव सुटलं तर

आधी तहसीलदारांकडे लेखी अर्ज, आवक क्रमांकासह. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. बरोबरीने माहिती अधिकारात पंचनाम्याची आणि मंजूर यादीची प्रत. अधिकाऱ्याने कर्तव्यच नाकारलं असेल तर कलम ५६ आहे, आणि कलम ६० प्रमाणे तीस दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकाला न्यायालयात तक्रार करता येते. हे हत्यार जपून वापरा, कारण बहुतेक वेळा माणूस दुष्ट नसतो, त्याच्या डोक्यावर सहा गावं असतात. दिवाणी न्यायालयात या कायद्याखालचे निर्णय आव्हान देता येत नाहीत, कलम ७१ ने तो मार्ग बंद केला आहे. उच्च न्यायालयातच जावं लागतं. आमच्या सहा जिल्ह्यांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे.

नोव्हेंबर: पुढच्या पुराची मागणी

गुऱ्हाळं पेटली की पूर विसरला जातो. पण पैशाचा खरा दरवाजा तेव्हाच उघडा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या एकूण निधीतला २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी, म्हणजे नुकसान होऊच नये म्हणून करायच्या कामांसाठी, बाजूला काढला. उंच रस्ता, ओढ्याचा मोकळा प्रवाह, उंचावरची निवारा इमारत ही कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून जिल्हा प्राधिकरणाकडे प्रस्ताव पाठवता येतो. त्याआधी जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा घ्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नवी अंगणवाडी बांधू देऊ नका, निधी परत गेला तरी चालेल.

डोंगरातल्या गावांनी याच काळात दरडीची तपासणी मागावी. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही जुलै महिन्यात गेली. भेगा पडलेली जमीन, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा दिसला की फोटोसह लिहा आणि भूवैज्ञानिकांची पाहणी मागा. विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांचा प्रश्न वेगळा आहे. २०२२ ते २०२६ च्या निकषांतल्या केंद्राच्या बारा आपत्तींच्या यादीत उष्णतेची लाट नव्हती, त्यामुळे उन्हासाठी गावाला सावली, पाणी आणि कामाच्या वेळा हेच ठरावाने मागावं लागत आलं आहे. अर्जात आधार हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा एम. के. रणजितसिंह खटला लिहा. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे, असं त्यात न्यायालयाने म्हटलं आहे.

हे सगळं झालं की देवळाच्या भिंतीवरचा तक्ता या वर्षीच्या पाण्याशी ताडून बघा. पाणी नव्या जागी आलं असेल तर ओळ बदला, फोटो काढा, आणि तो फोटो जोडून तहसीलला आराखडा दुरुस्तीचं पत्र द्या. आमचं यंदाचं पत्र गेलं आहे. आवक क्रमांक दप्तरात लावला आहे, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवं पान मागायला कोण जाणार, हेही त्याच कागदावर लिहिलं आहे.